मारोतराव भोयरांची गाडी वारंटीत बसली

मारोतराव भोयरांचा जन्म खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेला. कोळशाच्या पट्ट्यांवर कामाला लागले आणि फोरमन होऊन बाहेर पडले. रिटायर झाल्यावर नंदनवन वस्तीतल्या घरी राहायला आले, तेव्हा बायकोजवळ त्यांनी एकच हौस बोलून दाखवली.

"ऐकते का वं, जिंदगीभर लाइट बनवली. आता लाइटवरच गाडी चालवून पाह्यतो."

सत्यवतीबाई म्हणाल्या, "चालवा. पण मले रोज फिरवा लागन."

हौस पुरवायला माणूसही घरचाच होता. मोठी बहीण सिंधूताई, तिचा दुर्गेश इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्सला होता. पोराचा बाप लवकर गेला होता. शाळेपासून काजलशी लग्न होईपर्यंत त्याच्यामागे उभे राहिले ते मारोतरावच. त्यामुळे दुसऱ्या शोरूमची पायरी चढायचा प्रश्नच नव्हता.

"मामाजी, बॅटरीवर आठ वर्षांची वारंटी आहे. तुमी डोळे झाकून घ्या. काही झालं त मी आहो ना," दुर्गेश म्हणाला.

गाडी मिळाली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी फुगे लावले, केक कापला. मारोतरावांनी नारळ फोडला आणि सगळ्यांसमोर वाकून भाच्याच्या पाया पडले. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यात नवल नाही. पण बाहेरगावचा मॅनेजर बघत होता, म्हणून दुर्गेश लाजून मागे सरकला.

उन्हाळा लागायच्या आधीच मारोतराव गाडी घेऊन खापरखेड्याला गेले. कॉलनीतल्या जुन्या सोबत्यांना दाखवायची होती. चहाच्या टपरीसमोर गाडी लावली, एकेकाला आत बसवलं, आवाज कसा येत नाही ते ऐकवलं. निघायच्या वेळी बटण दाबलं तर पडद्यावर लाल दिवा लागला आणि गाडी जागची हलेना. पुन्हा दाबलं. काही नाही. मागे धुराड्यांतून धूर चालला होता. धोंडबा, त्यांचा पाळीतला जुना जोडीदार, कपबशी हातात घेऊन म्हणाला, "काहून गा मारोती? आपला प्लांट अख्ख्या महाराष्ट्राले लाइट देते, अन् तुह्या गाडीले नाई देत?"

सगळे हसले. मारोतरावही हसले. पण घरी येताना गाडी ट्रकवर चढून पुढे गेली आणि ते बसमध्ये उभे राहून आले.

कंपनीचं वर्कशॉप अमरावती रोडवर, वाडीला, गोदामांच्या रांगेत होतं. तिथल्या इंजिनियरनं सांगितलं की बॅटरीच बदलावी लागेल, वारंटीत आहे, काळजी नको. बॅटरी बाहेरून यायची होती. ती आज निघाली, उद्या पोचते, असं करत उन्हाळा संपत आला. मारोतराव दर आठवड्याला ऑटोनं वाडीला जायचे. ट्रकांच्या धुळीतून आत गेलं की आपली गाडी कोपऱ्यात, काचांवर धुळीचा थर. ते खिशातल्या रुमालानं काच पुसायचे आणि परत यायचे.

शेवटी नवी बॅटरी बसली. गाडी घरी आली. सत्यवतीबाईंनी तिची पुन्हा पूजा केली. आणि महिना उलटायच्या आत ती भर उड्डाणपुलावर बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ, आत एसी बंद, सत्यवतीबाईंना घाम फुटलेला. एक मोटरसायकलवाला जाता जाता ओरडला, "काका, सेल बदला!"

गाडी पुन्हा वाडीला गेली. या खेपेस फोन वर्कशॉपकडून आला.

"सर, बॅटरीच्या केसिंगला खालून मार लागलाय. फोटो पाठवलेत. हे बाहेरचं नुकसान आहे, वारंटीत बसणार नाही."

फोटोत गाडीच्या पोटावर लांब ओरखडा आणि खोल पोचा होता. मारोतरावांनी गाडी दगडावरून सोडा, साध्या गतिरोधकावरूनही जपून नेली होती. त्यांनी दुर्गेशला फोन लावला. त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते सत्यवतीबाईंना म्हणाले, "विकाच्या वेळी मामाजी, मामाजी. आता पाहा."

त्या रविवारी दुर्गेश स्वतःच घरी आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मामाजी, तो मार तुमच्याकून नाई लागला. लिफ्टवर घेतानी गाडी घसरली, लिफ्टचा दांडा बॅटरीवर बसला. मी तुमची गाडी पाहाले गेलो होतो, तिथंच उभा होतो. मंग वर्कशॉपवाल्यायनंच फोटो काढले अन् तुमच्या नावावर घातलं."

मारोतराव उठून उभे राहिले. "चाल, आत्ताच जाऊ!"

"नाई, नाई. तुमी फक्त कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागा. ग्राहक म्हणून मागा. माझं नाव घेऊ नका मामाजी, हात जोडतो. काजलचे दिवस भरत आले, मायची दवाई सुरू आहे. नोकरी गेली त उभं कुठं राहू?"

"तू मह्या पोरासारखा आहेस गा. तुझं नाव कायले घेईन?" मारोतराव म्हणाले. त्या घडीला ते मनापासूनच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी ते शोरूमच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये बसले. सुरुवात शांतपणे केली. रेकॉर्डिंग दाखवा, म्हणाले. मॅनेजरनं संगणकावरची नजरही काढली नाही.

"काका, जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं."

"मंग माह्यावर कोन्या पुराव्यानं टाकून राहिले?"

"पुरावा फोटोत आहे. हे बघा, या वयात नवीन टेक्नॉलॉजी जमत नाही सगळ्यांना. गाडी कुठेतरी आपटली असेल, तुमच्या लक्षात नसेल. कोळशाच्या प्लांटमध्ये होता ना तुम्ही? तिथलं वेगळं असतं."

शेजारच्या खुर्चीतला वर्कशॉपचा इंजिनियर हलकेच हसला. मारोतरावांच्या कानशिलात रक्त चढलं. खापरखेड्याची टपरी, पुलावरचा तो मोटरसायकलवाला, धुळीतल्या सगळ्या चकरा, सगळं एकदम आठवलं.

"माहा भाचा होता तिथं उभा!" ते टेबलावर हात आपटून ओरडले. "तुमच्या लिफ्टनं मारलं, त्यानं डोळ्यानं पाह्यलं! बोलवा दुर्गेशले!"

बोलून गेल्यावर त्यांना दिलेला शब्द आठवला. पण मॅनेजरनं फोन उचलला होता.

दुर्गेश आत आला. त्यानं आधी मामाकडे पाहिलं, आणि काय झालं ते त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही. मॅनेजरनं विचारलं, "तू काही पाहिलंस का?" मारोतरावांना वाटलं, पोरा, नाही म्हण. खोटं पाडलं तरी चालेल, नाही म्हणून टाक. पण तोंड उघडून तसं म्हणायला त्यांना जमलं नाही.

"हो सर," दुर्गेश म्हणाला. "लिफ्टवर झालं."

त्यानंतर सगळं भराभर झालं. वरच्या ऑफिसचा गोड बोलणारा फोन आला. गाडी वारंटीत बसली. बॅटरी पुन्हा नवी, तिच्याबरोबरचे भागही नवे. माणूस घरी आणून देऊन गेला, सोबत मिठाईचा डबा. तेव्हापासून गाडी एकदाही अडली नाही.

दुर्गेशला त्याच महिन्यात काढलं. कारण सांगितलं, टार्गेट पूर्ण होत नाही. दुसऱ्या शोरूममध्ये गेला तर तिथं आधीच खबर पोचलेली. काजलला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं नंदनवनला आलं नाही.

सत्यवतीबाई म्हणाल्या, "तुमी जा. बहीण आहे ते."

भाऊबीजेला मारोतराव एकटेच गेले. सिंधूताई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बाई, ओवाळणार नाई का?"

"तबक हाय आत," ती म्हणाली. "पण मह्याकून होत नाई मारोती. तू मह्या लेकराले बाप बनून वाढवलं, मी मानते. अन् एका गाडीपायी त्याले वाऱ्यावर सोडलं, हेही मानतेच."

तेवढ्यात दुर्गेश बाहेरून आला. आता वाडीलाच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामाला लागला होता. अंगावर धूळ. तो दाराशी थांबला.

"मामाजी, गाडी बरोबर चालून राहिली का?"

प्रश्न सरळ होता, आवाजात कुचकेपणा नव्हता, म्हणूनच मारोतरावांना तो झेपला नाही. "चालते," ते म्हणाले. मग धीर करून बोलले, "मह्या तोंडून निघून गेलं गा. मले राग आला."

"माहीत आहे. मी केबिनच्या बाहेरून ऐकलं सगळं, मॅनेजरनं तुमाले काय म्हटलं ते." दुर्गेशनं नळाखाली हात धुतले, पुसले. "म्हणूनच त हो म्हटलं मी. तुमाले त्याच्यासमोर खोटं पाडणं माह्याकून झालं नाई. पण आता तुमी घरी येत जाऊ नका. मायले त्रास होते."

आतून लेकराचं रडणं आलं. मारोतरावांनी अजून तिला पाहिलं नव्हतं. दुर्गेश आत गेला आणि त्यानं पडदा ओढून घेतला. सिंधूताईनं तांदळातला खडा उचलून अंगणात टाकला. मारोतरावांनी चपला घातल्या.