हवालदार येसाजींचा नेम

आमच्या कुंपणापलीकडे हवालदार येसाजी राहतात. त्यांच्याविषयी गावात दोनच मतं आहेत, एक माझं आणि एक चंद्राबाईंचं. चंद्राबाई त्यांची बायको, तेव्हा ते मत धरायचं कारण नाही.

येसाजी इटलीच्या लढाईतून परतले ते छाती आणि मिशी घेऊन. पेन्शनीवर घरी बसल्यावर छाती हळूहळू खाली सरकली, मिशी तेवढी जागेवर राहिली. भातशेती केली, पण तिच्यात जीव रमेना. नांगराच्या बैलाला ते पलटणीतल्या हिंदीत ‘दाहिने मूड’ म्हणायचे. बैल आमच्याच गावचा, तो डावीकडे जायचा. उरलेला वेळ ओटीवर. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायची आणि लढाई सुरू करायची. लोक आगरदांड्याची लाँच चुकेल म्हणून सटकायचे. लाँच बंद असेल त्या दिवशीही चुकायची.

मग चीनची लढाई झाली आणि तालुक्याच्या साहेबांनी मनावर घेतलं की पोरांना बंदूक धरता आली पाहिजे. शिकवणार कोण? येसाजी! शनिवारी दुपारी एक पोलीस दोन जुन्या रायफली आणि गोळ्यांची पेटी घेऊन यायचा, रात्री येसाजींच्या ओटीवर त्या रायफली कुशीत घेऊन झोपायचा आणि रविवारी संध्याकाळी परत न्यायचा. गावामागच्या बंद चिरेखाणीत जांभ्याची उभी भिंत आहे. तिच्यापुढे फळी, फळीवर काळं वर्तुळ. झाली शाळा.

ही शाळा नुसती नेमाची नव्हती. येसाजींचा नियम होता, आधी इतिहास, मग गोळी. त्यांनी विचारलेल्याचं उत्तर आलं तर गोळी मिळायची, नाहीतर पालथं पडून नुसता घोडा ओढायचा. गोफणीपासून रायफलीपर्यंत माणूस कसा आला, जंजिऱ्याच्या तोफा भरायला किती माणसं लागायची, इटलीत नदी ओलांडताना काय झालं, सगळं त्यात यायचं. पोरं गोळीच्या लोभाने ऐकायची. मी फुकट ऐकायचो. खाणीच्या काठावर बसून, पान लावत.

“वली, ठासणीच्या बंदुकीत आधी काय घालायचं? दारू का गोळी?”

वली हा मोहल्ल्यातला. बोटीवरच्या नोकरीची वाट बघत घरी बसलेला आणि जीभ चुरचुरीत.

“चाचा, दारू तर सरकारने बंद केली ना?”

पोरं खदखदली. येसाजींनी मिशीआड हसून त्याला गोळी दिली. म्हणाले, “उत्तर चुकलं. पन जिगर हाय.”

पोरांच्या हाती गोळी देण्याआधी गुरुजी स्वतः नेम दाखवायचे. दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली रायफल त्यांची ठरलेली, दुसरी पोरांची. पहिल्या शनिवारी येसाजींनी वर्तुळाच्या पोटात भोक पाडलं, आणि खरं सांगतो, इतकी वर्षं ऐकलेली इटली मला त्या क्षणी पहिल्यांदा खरी वाटली. पोरं त्यांना वाट द्यायला लागली. छाती पुन्हा वर आली.

आणि मग नेम उतरायला लागला. उतरायला म्हणजे अक्षरशः. आधी गोळी वर्तुळाच्या खालच्या कडेला, पुढच्या आठवड्यात वर्तुळाखाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात फळीच्या तळाशी. इकडे पोरांचा नेम सुधारत चाललेला. एका रविवारी गुरुजींची गोळी फळीखालच्या मातीत गेली, धूळ उडाली, आणि कोणी काही बोललं नाही. वलीसुद्धा बोलला नाही. त्याची जीभ गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर.

मी अर्थातच ही बातमी गावभर नेली. कोणीतरी न्यायलाच हवी.

पण त्या आठवड्यात सकाळी मी दात घासत परसात आलो तर येसाजी कुंपणापाशी उभे. एक डोळा तळहाताने झाकून माझ्या माडाकडे बघताहेत. मग दुसरा झाकून.

“येसाजीदादा, नारळावर डोळा ठेवायचा तर दोन्ही ठेवा. एकाने काय होणार?”

नेहमी त्यांनी मला शिवी दिली असती. त्या दिवशी म्हणाले, “सदू, नारळ दिसत्यात. पार देठासकट दिसत्यात.”

“मग?”

“मग गोळी का जात न्हाय?” त्यांनी हात खाली घेतला. “बाबाला बी आदी सगळं दिसत होतं.”

त्यांचे वडील आंधळे होऊन गेले, हे मला माहीत होतं. लहानपणी येसाजीच त्यांची काठी धरून पुढे चालायचे, शेतावर, देवळात, परसाकडेला. गावातली पोरं मागून कुचेष्टा करायची. हे सगळं त्यांनी मला त्या कुंपणावरून सांगितलं, बायकोला सांगितलं नव्हतं.

“ह्या रविवारी पोलिसाला सांगनार, शाळा बंद. म्हातारा हाय, जमत न्हाय. आंधळा व्हायच्या आदी उठलेलं बरं.”

मी चूळ भरली. ही बातमी मात्र मी कुठेही नेली नाही, आणि चार दिवस पोटात ठेवून मला अपचन झालं.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो, काय बोलायचं ते न ठरवता. येसाजी आत जेवत होते, पोलीस पडवीत चहा पीत होता. ओटीवर दोन्ही रायफली भिंतीला टेकलेल्या आणि तारवाल्या रायफलीपुढे चंद्राबाई उभ्या. हातात काजळाची डबी. बोटाच्या टोकावर काजळ घेऊन त्या रायफलीच्या तोंडाशी काहीतरी लावत होत्या.

“वहिनी, नवरी कोण? ही का?”

त्या दचकल्या आणि मग फणकारल्या. “तीट लावतेय. पहिल्या शनिवारी ह्यांचा नेम बघून अख्ख्या गावाने तोंडात बोट घातलं. नजर लागत नाही होय? त्यात शेजार तुमचा!”

“दर शनिवारी लावता?”

“दर शनिवारी. मेण घालून केलंय, रविवार संध्याकाळपर्यंत हलायला नको.”

मी हसत हसत खाणीकडे निघालो. म्हटलं, बिचाऱ्याचा शेवटचा शनिवार, निदान जाता जाता हसेल तरी. येसाजी आले, पोरं रांगेत बसली. आज इतिहास नव्हता. सरळ पालथे पडले आणि गाल दस्त्याला लावला. मी काठावरून ओरडलो,

“दादा, जपून हो! पोराला कधी लावली नाही तेवढी तीट वहिनींनी तुमच्या बंदुकीला लावलीय, नळीच्या पार शेंड्याला!”

पोरं हसली. येसाजी हसले नाहीत. त्यांनी रायफल खाली ठेवली, उठून बसले आणि नळीच्या टोकाकडे बघायला लागले. तिथे लोखंडाचे दोन कान असतात आणि कानांच्या मधे छोटी उभी पट्टी. तिला ते माशी म्हणायचे, आणि तिचं टोक वर्तुळाला टेकवून नेम धरायचा. येसाजी दर रविवारी नळी साफ करायचे, लाकडाला तेल द्यायचे, पण त्या दोन कानांच्या मधे बोट शिरत नाही. काळ्या लोखंडावर काळं काजळ, मेणाने घट्ट झालेलं, थरावर थर. माशी नखाएवढी उंच झाली होती.

“वली, काडी दे.”

वलीने काडेपेटी दिली. काडीने येसाजी खरवडत बसले. मऊ काळ्या गोळ्या त्यांच्या धोतरावर पडत होत्या.

“माशी उंच झाली,” ते कोणाशी बोलत होते देव जाणे, “की माणूस नकळत नळीचं तोंड खाली दाबतो. जेवढी उंच, तेवढी गोळी खाली.”

मग पालथे पडले. मी पान चघळायचं थांबलो होतो. आवाज झाला, खाणीच्या भिंतींनी तो परत केला.

वली फळीकडे धावायला निघाला.

“धावू नको,” येसाजी जमिनीवरूनच म्हणाले. “काळ्यात हाय. डाव्या अंगाला, जराशी.”

वली तरीही धावला आणि तिथून दोन्ही हात वर करून नाचला. “डाव्या अंगाला, चाचा! जराशी!”

येसाजी उठले नाहीत. कपाळ मनगटावर टेकून पडून राहिले, पाठ हलत होती. पोरांना वाटलं हसताहेत. हसतही असतील.

पोलिसाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. चंद्राबाईंना एवढंच म्हणाले की तीट दस्त्याला लाव, तिथे नजर जास्त पडते. त्यांना ते पटलं. “भावजींच्या नजरेला दोन ठिकाणी लावते,” म्हणाल्या.

त्या शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्ही दोघं खाणीच्या काठावर बसलो. समोर खाडी, पलीकडे दिघीची बाजू. येसाजींनी एकदा हा डोळा मिटला, एकदा तो, मग दोन्ही उघडे ठेवले.

“सदू, तो मचवा बघ. दिघीहून निघालाय. शिडाला ठिगळ हाय, निळं. सुकाणूवर बसलाय त्यानं डोक्याला पंचा बांधलाय.”

“व्हय, व्हय,” मी म्हणालो. मला मचवाच दिसत नव्हता. पण माणूस इतका खूश असताना मधे कशाला बोला?