साहेबाच्या डोक्यावरचा फेटा

कर्जतकडच्या त्या गावात फेटा बांधावा तर दिलावरनंच, यात दुमत नव्हतं. नवरदेव असो, उरुसाचा मानकरी असो, नाहीतर निवडणुकीत आपटलेला पुढारी असो, दिलावरच्या हाताखालून गेलेलं डोकं जरा उंचच दिसायचं. या कामाचे तो पैसे घेत नसे. माणूस बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. बहात्तर साली पावसानं तोंड फिरवलं, तेव्हा तोही बायको खुर्शीदला घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला.

खडीच्या कामाशेजारी एक चूल पेटायची. अमेरिकेहून आलेलं धान्य मालनबाई तिथं शिजवून पोरांना वाढायची. दिलावरची धाकटी मुबारक त्या चुलीवरच जगत होती.

मग निरोप आला, की धान्य पाठवणाऱ्या कंपनीचा मोठा साहेब पाहणीला येतोय. तिकडच्या सरकारात त्याचं वजन. तो म्हणेल तर चूल चालणार, नाहीतर विझणार.

"दुष्काळ रानात पडलाय, गावाच्या अब्रूत न्हाई," सरपंच कारभारीअण्णा म्हणाले. झालं, गाव कामाला लागलं. कुणी बियाण्याचे गहू काढले, कुणी गूळ, कुणी शेवटची कोंबडी. फेट्याला कापड मात्र मिळेना. दिलावरनं ट्रंकेतून आपला लग्नातला जरीचा फेटा काढला.

"लग्नातलं तेवढंच एक ऱ्हायलंय," खुर्शीद म्हणाली.

"पोरीच्या पोटाचा सवाल हाय."

साहेब आला. लालबुंद, घामाघूम, कोटाला इवलासा झेंडा. फेटा बांधून घेतल्यावर आरशात बघून बेहद्द खूश झाला आणि भाषणाला उभा राहिला. गोरक्ष मास्तर मराठीत सांगत होते. फुकटचं खाल्लं की माणूस आळशी होतो. संसार मोडतात, देवाचा विसर पडतो. सरकारनं कुणाच्या ताटात वाढू नये. आमच्याकडे जो तो आपल्या पायावर उभा. खडी फोडून आलेल्या बायांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं?

जेवायला बसल्यावर साहेबानं रस्सा तीनदा मागून घेतला. कारभारीअण्णांनी रीतीप्रमाणे पाहुण्याच्या शेतीची चौकशी केली. मास्तरांनी विचारलं, ऐकलं, पुन्हा विचारलं, आणि जरा चाचरतच सांगितलं, "यांची पुष्कळ जमीन आहे. त्यातली बरीच ते मुद्दाम पेरत नाहीत. भाव पडू नयेत म्हणून, न पेरल्याबद्दल तिकडचं सरकार त्यांना पैसे देतं. आपल्याला आलेलं धान्यही सरकारनं यांच्या कंपनीकडून पुऱ्या भावानं विकत घेतलेलं आहे."

अण्णांचा घास हातातच राहिला.

"आमचं तर समदंच पडीक हाय," ते म्हणाले. "आमचं बी काय जमतंय का, इचारा की त्यास्नी."

मास्तरांनी ते काही विचारलं नाही. साहेब हाडूक चोखत होता.

निघताना तो फेट्यासकट मोटारीत बसला. मानाचा फेटा परत मागायची रीत नाही, आणि ती रीत दिलावरइतकी कुणाला ठाऊक असणार? त्यानं हात जोडले आणि जरीचा शेमला धुळीत दिसेनासा होईपर्यंत तो बघत राहिला.

पंधरवड्यात चूल बंद झाली. तालुक्याच्या अधिकाऱ्यानं कारण सांगितलं. साहेबानं कळवलं होतं, की इथले लोक जरीचे फेटे देतात, पाहुण्याला आग्रह करकरून कोंबडी वाढतात. त्यांना धान्य नको, कष्टाची शिकवण हवी. मालनबाईनं चूल सारवून ठेवली. मुबारक मात्र रोजच्या वेळेला वाटी घेऊन तिथं जाऊन बसायची. खुर्शीद तिला ओढून आणायची आणि मग स्वतःच रडायची.

उन्हाळ्यात दुसऱ्या कुठल्याशा संस्थेचा पाहुणा येणार असं कळलं. अण्णांनी वर्गणीतून कापड आणवलं आणि दिलावरला बोलावलं.

"फेटा ऱ्हाऊ द्या, अण्णा. आन सैपाकबी नगं."

"अरं, लोक काय म्हनतील? गावाची अब्रू जाईल!"

"जाऊ द्या. मागल्या खेपेला तिनंच आपली चूल इझवली."

गावानं दिलावरला उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं. पाहुण्याची जीप आली तेव्हा तो तसाच, मुबारकला मांडीवर घेऊन सगळ्यांच्या पुढे बसला होता. तिच्या हातात ती वाटी होती, आणि ती रिकामी होती.