उसावर निजलेली बाई

"ही साडी नाही चालायची. काढा ही."

बारामतीच्या थिएटरात, बायकांच्या संडासासमोरच्या बोळात, सिनेमावाल्या मॅडम मला हे म्हणाल्या. माझ्यापेक्षा वयानं लहान. हातात पिशवी. पिशवीत एक गड्याचा शर्ट, ऊस तोडताना आम्ही साडीवर घालतो तसा, एक विटकी साडी, डोक्याला बांधायचं फडकं.

मी म्हणाले, "का हो मॅडम? नवी हाय की."

"तेच तर! लोक तुम्हाला आधी पडद्यावर बघणार, मग स्टेजवर. ओळखायला नको का त्यांना?"

निरोप होता, जशा आहात तशा या. मी लग्नकार्याला जाते तशी गेले. हिरवी साडी, केसाला तेल, कपाळाला मोठं कुंकू. माझ्या मते मी तशीच होते. त्यांच्या मते नव्हते.

शर्ट हातात घेतला. कोरा होता. घड्या मोडलेल्या नव्हत्या. वरून काहीतरी काळपट चोळलेलं. नाकाशी धरला तर चहाच्या पाण्याचा वास आला.

मी संडासात गेले आणि कापडं बदलली. तेव्हा मला राग आला नाही, हे खरं सांगते. लाज आली. माझ्या नव्या साडीचीच लाज आली. बाहेर आले तर मॅडमनी माझ्या कपाळाचं कुंकू रुमालानं जरा पुसलं. म्हणाल्या, "आता कसं खरं वाटतंय."

राग का नाही आला, तेही सांगते. सरांचे आमच्यावर उपकार होते. सर म्हणजे ज्यांनी हा सिनेमा काढला ते. त्या दिवसापर्यंत मी देवापुढं हात जोडताना त्यांचंही नाव घ्यायचे.

आम्ही बीडकडचे. डोंगराच्या अंगाला गाव. दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी निघते ती इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या बाजूला. मी सातवीत असताना आई पडली आणि तिच्या जागी मला आणलं. शाळा तिथंच सुटली. वाचायची सवय मात्र सुटली नाही. भज्याला गुंडाळून आलेला कागदही मी वाचते. म्हणून हे लिहू शकते.

आमच्यात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसं, एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादमाला नको असतो. गडी तोडतो, बाई मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. फळी म्हणजे अरुंद लाकूड, एक टोक जमिनीवर, एक टोक गाडीला.

मागच्या एका हंगामात सर आले, तात्यांच्या फडावर. तात्या म्हणजे बावड्याचे बागायतदार, त्यांच्या रानात आमची तोड चालू होती. सर गोड माणूस. सगळ्यांना ताई, दादा. आमच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बसून भाकरी खाल्ली, लेकरांना खाऊ आणला. म्हणाले, सिनेमा बिनबोलाचा आहे, तुम्ही फक्त काम करा, आम्ही नाहीच असं समजा.

आम्ही तसंच समजलो. ते मात्र होते.

माझी धाकटी जाऊ सुमन. त्या दिवशी ती मोळी घेऊन फळीवर चढत होती. फळीवर दवाचं पाणी होतं. पाय सरकला. खाली पडली ती कंबरेवर, आणि मोळी तिच्या अंगावर. ती ओरडली नाही. नुसतं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी धावत सरांकडं गेले. म्हणाले, सर, गाडी काढा. सर म्हणाले, "ताई, ड्रायव्हर चावी घेऊन बावड्याला चहाला गेलाय. येईलच."

तो येईना. मग दीरानं आणि माझ्या मालकानं सुमनला उचललं आणि उसानं भरलेल्या टायरगाडीवर टाकलं. वर ऊस, त्यावर ती. बैल जुंपले. रानातली वाट, दगडधोंडे. प्रत्येक दगडाला ती वर उडत होती. पार डांबरी लागल्यावर मागनं सरांची जीप आली. सर स्वतः उतरले, तिला गाडीत घेतलं, इंदापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अशी हलवत आणायला नको होती.

तिचा पाय राहिला, पण वाकडा. फळीवर आता चढता येत नाही.

आणि मुकादम सगळ्यांना सांगत सुटला की ती कोपीत पडली. चक्कर येऊन. कामावर न्हाईच. कामावर पडली म्हटलं तर टोळीनं तिला सांभाळायचं, तिला बसून करायचं काम द्यायचं, तिचा कोयता धरायचा. कोपीत पडली म्हटलं की तिचं नशीब. यंदा तो दिराला म्हणाला, "कोयता पुरा करायचा तर दुसरी बाई बघ." दीर गप्प बसला. सासू गप्प बसली नाही. तिनं स्थळही बघितलं.

आणि मी? मी सगळ्यांना सांगत होते, सर नसते तर आपली सुमन गेली असती.

तर ते थिएटर. आम्हा नवराबायकोला मागच्या रांगेत बसवलं; सुमन कोपीवरच होती. बारामतीची, पुण्याची लोकं तिकीट काढून आलेली. मक्याच्या लाह्यांचा वास. थंडी एवढी की शर्टाचा उपयोग झाला. तात्या फेटा बांधून आले होते, माझ्या मालकाच्या शेजारी. दारातच मोठा फोटो लावलेला. उसानं भरलेली गाडी, मागं मोकळं आभाळ आणि उसावर आडवी एक बाई, हात डोळ्यांवर. ती सुमन. हीच सिनेमाची जाहिरात. सगळीकडं हीच.

मला वाटलं, बघा, सरांनी आपल्या सुमनला किती मोठं केलं.

सिनेमा सुरू झाला. धुकं. ऊस. बराच वेळ नुसता ऊस. कुणी बोलेना. पुढून एक पोरगं म्हणालं, "आवाज गेलाय का रं?" लोक हसले. तात्या म्हणाले, "आयला, तिकीट काढून मुकं बघायचं व्हय? हे तर आमी रोज फुकट बघतो." मग त्यांचं रान दिसलं तसे उठून उभेच राहिले. "त्यो बघ! त्यो बघ आपला बोअर! त्या लिंबाखाली म्या हाय, दिसलो का?"

"बसा तात्या," मालक म्हणाले.

मग मी दिसले. माझं तोंड अख्ख्या पडद्याएवढं. एवढं मोठं मी आरशातही कधी बघितलं नव्हतं. ओठ हलत होते. वरून सारंगीसारखं काहीतरी वाजत होतं, लांब, रडकं. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईनं पदर डोळ्याला लावला. लोकांना वाटत होतं मी रडगाणं गातेय.

मी काय म्हणत होते ते मला माहीत होतं. मी म्हणत होते, सर, गाडी काढा. हिला उसावर नका टाकू देऊ.

आणि माझ्या खांद्यामागं बांध दिसत होता. बांधावर पांढरी जीप. ड्रायव्हर आत बसलेला. खिडकीतनं कोपर बाहेर. त्या दिवशी मागं वळून बघायचं आमच्यातल्या कुणालाच सुचलं नव्हतं.

मी आधी विश्वास ठेवला नाही. म्हटलं, दुसऱ्या दिवशीचं असेल. पण ते चित्र तुटेचना. माझं तोंड, मागं जीप. कॅमेरा तसाच. मग तो हळूच वळला आणि सुमनला गाडीवर टाकताना दिसलं. बैल निघाले. अजून जीप तिथंच, अजून कोपर बाहेर. माझी नजर सुमनवर ठरेना, त्या कोपरावर जात होती.

गाडी आभाळाच्या कडेला गेली. सुमननं दुखण्यानं हात डोळ्यांवर घेतला. पुढची बाई नवऱ्याला म्हणाली, "किती शांत झोपलीये बघ."

दोन्ही खोटं होतं. चहा खोटा होता आणि चावी खोटी होती. त्यांना ती गाडी आभाळाच्या कडेपर्यंत जायला हवी होती. ती गेल्यावर मग त्यांनी आम्हाला वाचवलं.

सिनेमा संपला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. आम्हाला स्टेजवर नेलं. मॅडम कानात म्हणाल्या, "फक्त हात जोडायचे. बास." सरांच्या हातात माईक. सर म्हणाले, "या चित्रपटात शब्द नाहीत. कारण यांच्या वेदनेला शब्दांची गरजच नाही."

मला माईक दिला नव्हता. लागतही नव्हता. फडाच्या ह्या टोकाची बाई त्या टोकाला हाक मारते ती काय माईकवर मारते?

मी म्हणाले, "सर, तुमची गाडी बांधावर उभी होती. ड्रायव्हर आत होता. तुम्ही मला म्हणाला चहाला गेलाय."

मालकानं माझा शर्ट मागनं ओढला. "गप गं. बाहेर बोलू."

मी म्हणाले, "ती बाई झोपलेली न्हाई. तिचं हाड मोडलंय. फळीवरनं पडली ती, कामावर."

एक जण टाळी वाजवायला लागला. मग दुसरा. मग सगळे. पहिल्यापेक्षा मोठ्या टाळ्या. कुणीतरी म्हणालं, "वा! काय नॅचरल बोलली!" सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान खाली घातली. फोटो निघाले.

त्यांना वाटलं हेही त्यातलंच आहे. मी खरं सांगितलं आणि त्यांनी तेही बघितलं. ऐकलं नाही.

बाहेर सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज अजून गोडच. "ताई, तो क्षण तोडला असता तर परत मिळाला नसता. आणि गाडी दिलीच ना आपण शेवटी?"

"शेवटी दिली."

"मग?"

"माझं बोलणं द्या मला. तेव्हाचं. आमच्या मुकादमाला ऐकवायचंय, ती फडात पडली म्हणून."

"तुमचा आवाज आम्ही घेतलाच नव्हता. सिनेमाच मूक आहे."

सिनेमात कोयत्याची खचखच होती. कोकिळा होती. चाकाची करकर होती. माणसाचाच तेवढा घेतला नव्हता? मी सरांच्या तोंडाकडं बघत राहिले. पहिल्यांदा त्यांनी नजर काढून घेतली.

तात्या मध्ये पडले. "आगं, एवढं मोठं नाव झालं तुमचं. आमच्या रानाचंबी झालं. आन् तू चार लोकांत वाभाडे काढतीस व्हय? पाणी कुणाच्या हिरीचं पिताय तुमी? कोप्या कुणाच्या रानात हायत?"

"तुमच्याच, तात्या."

"मग तोंड सांभाळून ऱ्हावा. न्हायतर दुसरीकडं बघा."

परमुलखात ज्याच्या विहिरीचं पाणी प्यायचं त्याच्यापुढं उभं राहणं काय असतं, ते जो प्यालाय त्यालाच कळतं. मालक माझ्याकडं विनवून बघत होते. मी एवढंच म्हणाले, "तात्या, त्या दिवशी लिंबाखाली तुमी होता. सिनेमात दिसलाय. तुमी सांगा, ती कुठं पडली?"

तात्यांनी फेटा सारखा केला.

तेवढ्यात मॅडम आल्या. "तो शर्ट परत लागेल हं. इंदापूरच्या शोला."

मी तिथंच शर्ट काढला. आत माझाच पोलका होता. त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "इंदापूरला तुमीच घाला."

कोपीवर आल्यावर सुमनला सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. ती वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "बाई, मी तवाच म्हणलं होतं. जीपमधी गाणं लागलं होतं. उसावर पडल्या पडल्या ऐकू येत होतं. तुमी सगळी म्हणला, दुखण्यात बरळतीय."

खरंच तसंच म्हणालो होतो. तिचा आवाज तर कुणी कापला नव्हता. समोर होता.

त्या दिवसापासून मी कुणाला उगाच हात जोडत नाही. कॅमेरावाला आला की आधी विचारते, गाडी कुठं लावली, चावी कुणाकडं आहे. लोक म्हणतात, ही संशयी झाली. झाले. गोड बोलणाऱ्याचं बोलणं मी आता दोनदा ऐकते. तुमचंही ऐकेन. हे वाचून मला कुणी म्हणालं, बाई, किती छान लिहिलंय, तर मी विचारणार, सुमनचं काय?

सिनेमा अजून चाललाय. इंदापूरला लागणार, पुढं निमगाव केतकीलाही दाखवणार म्हणे. मॅडमचा फोन आला, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी जाणार आहे. तिकीट काढून, माझ्या साडीत. सोबत दीर आणि सासू. त्यांना जीप दाखवणार, फळी दाखवणार, आणि माझे ओठ हलतील तेव्हा माझं बोलणं मी तिथल्या तिथं, मोठ्यानं म्हणणार. टाळ्या वाजवल्या तर थांबणार आणि परत म्हणणार.

मुकादमाला काल फडात, सगळ्यांसमोर सांगितलं. सुमन कामावर पडली. तिचा कोयता मोडायचा नाही. ती बसून काम करील, तिच्या वाटच्या मोळ्या आम्ही चढवू. तिच्या जागी दुसरी बाई आणली, तर टोळीतली एकही बाई फळीवर पाय ठेवणार नाही. बायांना मी एकेकीला विचारलंय. दोघी घाबरल्यात. बाकीच्या तयार आहेत.

मुकादम म्हणाला, "गाडी रिकामी उभी राहील. कारखान्यावरनं माणसं येतील जाब विचारायला."

येऊ द्या.