कात्रीकाकूंच्या बोलण्याचा बोलबाला

कपडे दुरुस्त करून देणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली कात्रीकाकू म्हणायची. हातातल्या कात्रीमुळे म्हणायची की तोंडातल्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. तिथे एक शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल, उभा आरसा, माप देताना उभं राहायला लाकडी स्टूल आणि कपडे बदलायला पडद्यामागचा कोपरा. नवे कपडे काकू शिवत नसत. "दुसऱ्यांनी केलेल्या चुका निस्तरते," असं सांगत. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, चेन बसवायची. हात असा साफ, की दुरुस्ती नेमकी कुठे झाली ते कपड्याच्या मालकालाही सापडू नये.

गिऱ्हाईकाला चार शब्द सुनावल्याशिवाय मात्र त्या सोडत नसत. बोलण्यात विष नसायचं, पण धार असायची. नवऱ्याला जरा कमी ऐकू यायचं. "म्हणून तर संसार टिकला," असं काकू स्वतःच म्हणत, आणि तो नुसता हसत राही, कारण त्याला ऐकूच गेलेलं नसे.

मग कोपऱ्यावर तयार कपड्यांचं मोठं दुकान उघडलं. तिथे घेतलेला कपडा तिथेच फुकटात मापाचा करून मिळू लागला, आणि काकूंवर माश्या मारायची वेळ आली. त्याच सुमारास त्यांच्या सुनेचं ऑफिस बंद पडलं. ती फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची नोकरी करायची. घरी बसून कंटाळली आणि एका सकाळी दुकानात येऊन म्हणाली, "आई, आपण तुमच्या कामाचे व्हिडिओ टाकू या."

"कशाला?"

"लोक बघतात. बघितलं की येतात."

"लोकांना कामधंदे नाहीत का?"

"नाहीत, म्हणून तर बघतात."

काकूंना हसू आलं आणि तिथेच त्या हरल्या. सुनेनं यंत्राशेजारी फोन टेकवला. फाटलेला खिसा कसा जोडला, आखूड बाही कशी वाढवली, असे व्हिडिओ ती रोज टाकू लागली. काकूंचे फक्त हात दिसत. आठवडाभरानं काकूंनी विचारलं, "किती जणांनी बघितलं गं?"

"मी, तुमचा मुलगा आणि माझी आई."

"तुझ्या आईनं? मग झालंच. सगळ्या गावाला कळलं असेल."

नशीब फिरलं ते एका जाड्या गृहस्थांमुळे. नेहमीचंच गिऱ्हाईक. पँट घेऊन आले आणि कुरकुरले, "काकू, ही पँट आटलीय हो." काकूंनी पँट उलटी केली, शिवण पाहिली आणि मान वर न करता म्हणाल्या, "पँटला कशाला नावं ठेवता? ती बिचारी आहे तिथेच आहे. तुम्हीच पुढे गेलात." गृहस्थ पोट धरून हसले. फोन चालूच होता. त्यांनीच सुनेला सांगितलं, "टाका टाका, माझ्या भावांना दाखवतो."

तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर अनोळखी माणसं उभी. कुणाच्या हातात चांगला धडधाकट शर्ट. "काकू, काहीतरी करा याचं. आणि मलाही दोन शब्द बोला ना!" माणसं पैसे देऊन शिव्या खायला येतात हे पाहून काकू चक्रावल्या. पण खोटं कशाला बोला, त्यांना आवडलंही. आयुष्यभर ज्या जिभेपायी आईनं धपाटे दिले, सासूनं टोमणे मारले, तिच्यावर आता लोक लाल बदाम पाठवत होते. सून संध्याकाळी एकेक प्रतिक्रिया वाचून दाखवी, आणि काकू "पुरे गं" म्हणत पुढची ऐकायला कान टवकारत.

हळूहळू सून व्हिडिओ थेटच दाखवू लागली. दुकानात जे चाललंय ते त्याच क्षणी हजारो घरांत दिसायचं. दारावर तिनं पाटीही लावली: 'इथे चित्रीकरण चालू असते'. काकू सकाळी इस्त्री तापेपर्यंत मनाशी वाक्यं जुळवू लागल्या. पूर्वी दारात माणूस आला की त्यांची नजर आधी त्याच्या खांद्यावर जायची, मग कमरेवर, मग कपड्यावर. आता ती माणसाचं व्यंग शोधू लागली. एकदा या नादात त्यांनी एका जॅकेटची एकच बाही बोटभर जास्त कापली. जन्मात असं झालं नव्हतं. पदरचं कापड घालून त्यांनी ते सावरलं आणि कुणाला सांगितलं नाही. पण त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

अशात एक दिवस एक बाई आली. चाळिशीची, शांत चेहऱ्याची. दुकानात चार-पाच जण ताटकळत होते, फोन चालू होता. तिनं दुकानाच्या वहीत फोन नंबर लिहिला आणि पिशवीतून पुरुषी, करडा, जाड कोट काढला. "हा माझ्या मापाचा करून हवाय."

काकूंनी कोट उचलून धरला. त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. वाक्य आपसूक ओठांवर आलं. "एवढा मोठा कोट इथे, मग आतला माणूस कुठे? की कोट टाकून पळाला तुमच्या तावडीतून?"

दुकान खदखदलं. बाईही हसली, म्हणजे तिचे ओठ हलले. मुकाट्यानं कोट चढवून ती स्टुलावर उभी राहिली. काकू मागून टाचण्या लावू लागल्या. दुसरी टाचणी लावताना त्यांच्या बोटांना कळलं, की कोटाच्या आतले खांदे थरथरताहेत. त्यांनी आरशात पाहिलं. बाईचे डोळे भरून वाहत होते.

"टोचली का हो?" काकूंनी हळूच विचारलं.

"नाही. तो गेला, काकू. पळाला नाही. हिवाळ्यात वारला."

सुनेनं झडप घालून फोन बंद केला. बाईनं कोट उतरवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "तो असता तर हसला असता. मला नाही जमलं." मग कोट तिथेच ठेवून ती चालू लागली.

सुनेनं तो व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो भलत्यांच्याच हाती लागला होता. कुणी त्याला हसण्याचा आवाज जोडला, कुणी रडकं संगीत. काही जण काकूंना सैतान म्हणाले, तर काही म्हणाले, त्या बाईला विनोद कळत नाही.

"आई, आपण माफीचा व्हिडिओ टाकू," सून म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. "सगळे टाकतात. दोन वाक्यं, बस."

"माफी कुणाची मागायची? तिची की बघणाऱ्यांची?"

"दोघांचीही."

"बघणाऱ्यांचं काय बिघडलंय? त्यांची तर करमणूक झाली."

"आणि दुकानाचं काय? तुमच्या बोलण्यावर हे सगळं उभं राहिलंय."

"तेच तर खुपतंय ना."

सून चिडली. एवढे महिने तिनंही जीव ओतला होता. "म्हणजे चूक माझी? फोन माझा, म्हणून?"

"फोन तुझा, जीभ माझी," काकू म्हणाल्या. "तुला नाही बोलत गं मी." पण दोघी त्या दिवशी घरी गेल्या त्या वेगवेगळ्या वाटांनी.

पुढचे दोन दिवस काकू करडा कोट घेऊन बसल्या, लागलेल्या दोन टाचण्या आणि नजरेत राहिलेलं माप धरून. मोठा कोट लहान करायचा तर जास्तीचं कापड कापून टाकायचं, म्हणजे शिवण सपाट बसते. काकूंनी कापलं नाही. शिवणीच्या आत जे कापड राखून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. काकूंनी सगळीच्या सगळी माया आत ठेवली, बाहेरून फुगवटा दिसू नये म्हणून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत, हातानं बारीक टाके घालत. मग वहीतला नंबर काढून बाईला फोन केला. ती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण दुपारी दुकान रिकामं असताना ती आली.

"माझं चुकलं," काकू म्हणाल्या. "विचार न करता बोलले. तुम्ही हसलात म्हणून मी सुटले असं वाटलं, तेही चुकलंच."

"मला अजून राग आहे," बाई म्हणाली. "माझ्या नणंदेनं तो व्हिडिओ पाहिला. त्याच्या आईनंसुद्धा."

काकूंनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या उलट उत्तर न देता ऐकून घेत होत्या.

बाईनं कोट चढवला. आरशात उभी राहिली. हात आत घालून चाचपत म्हणाली, "आत बरंच कापड आहे."

"कापलं नाही मी. कधी वाटलं तर उसवून घ्या कुणाकडूनही. होता तसा होईल."

ती बराच वेळ बटणांशी खेळत राहिली. मग म्हणाली, "आणि तो व्हिडिओ?"

"तो मला उसवता येत नाही हो."

कोट अंगात तसाच ठेवून ती निघाली. दारात थांबून म्हणाली, "खांदा छान बसलाय." एवढंच. ती पुन्हा आली नाही.

काकूंनी सुनेला घरी जवळ बसवून सांगितलं: यापुढे थेट दाखवायचं नाही, गिऱ्हाईकाचा चेहरा घ्यायचा नाही. "मला गप्प बसता येणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पण बोलेन ते कपड्याला. कपडा रडत नाही."

सून आधी रुसली. मग यंत्राशेजारी पुन्हा फोन टेकवला. पुढच्या व्हिडिओत काकू एका शर्टाला विचारत होत्या, "हे बटण लावलंय, की फाशी दिलीय?" बघणारे पुष्कळ घटले. काहींनी लिहिलं, काकूंची धार गेली. शिव्या खायला येणारे दुसरीकडे गेले. पण आपल्या हातानं बटण लावायला शिकलेली माणसं टिकली, आणि त्यांना जे जमेना ते पिशवीत घालून ती दुकानात येऊ लागली. गर्दी उसळली नाही, पण माश्या मारायची पाळीही आली नाही.

परवा सुनेनं स्वतःच यंत्रावर बसून चेन बसवून दाखवली, तीही फोनपुढे. काकू बाजूच्या स्टुलावर, ओठ दाबून. चेन उलटी लागत होती. त्यांना पहिल्याच टाक्याला दिसलं होतं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, छताकडे पाहिलं, पुन्हा चेनीकडे पाहिलं. सुनेनं अभिमानानं पँट उलगडली आणि तिच्या लक्षात आलं.

"आई! तुम्हाला दिसत होतं ना? बोलला का नाहीत?"

"कशी बोलू?" काकू म्हणाल्या. "बोलायचं ते कपड्याला ठरलंय, आणि पँट आत्ता तुझी आहे."

सून खो खो हसली, आणि टाके उसवायला बसली.