कारखान्यातली खिडकी

भिंगरी मिस्त्रीला एका जागी स्वस्थ बसलेलं त्याच्या बायकोनंसुद्धा फारसं पाहिलेलं नाही. जेवताना एक हात ताटात, तर दुसरा टेबलाखाली, पाय डुगडुगतोय का ते चाचपत. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तर यजमान पाणी आणायला आत वळेपर्यंत हा त्यांच्या दाराची बिजागरी हलवून बघणार. धंद्यानं सुतार, स्वभावानं चुळबुळ्या. पायाला भिंगरी म्हणून लोकांनी भिंगरी नाव पाडलं, आणि पुढे तो स्वतःच फोनवर "भिंगरी बोलतोय" म्हणायला लागला.

आता असा माणूस एकवीस वर्षं भाड्याच्या घरांत राहिला, तर व्हायचं तेच झालं. मोडकं घर शोधायचं आणि मालकाला म्हणायचं, "भाडं अर्धं घ्या, डागडुजी सगळी माझ्याकडे." मालक एका पायावर तयार. बोलणं तोंडी, कागद कशाला हवा? वर्षा-दोन वर्षांत दारं गुपचूप मिटायला लागायची, भिंतीत कपाटं यायची, आणि मग मालकाला अचानक आठवायचं की पुतण्याचं लग्न ठरलंय, त्याला घर लागणार आहे. अशी पाच घरं झाली. "तुम्ही शेवटचा स्क्रू पिळलात की मी सामान बांधायला घेते," बायको म्हणायची. थट्टेनं म्हणायची, पण रिकामी खोकी खरंच घडी घालून पलंगाखाली ठेवलेली असत.

सहावं घर मात्र नऊ वर्षं टिकलं. त्याचं श्रेय मालकिणीच्या गुडघ्यांना. म्हातारी खालीच राहायची, पण जिना चढणं तिला जमत नव्हतं. वर ठोकाठोक चाललेली ऐकू यायची. तिला वाटायचं, चाललंय काहीतरी ठिगळकाम. तिच्या डोळ्यांपुढे अजून तेच घर होतं, फुगलेल्या खिडक्यांचं आणि खचलेल्या फरशीचं. एक दिवस तिनं मिस्त्रीला खाली बोलावून सांगितलं, "मी आता मुलीकडे जाऊन राहणार. वरचं घर तुम्हालाच देते. मोडकळीला आलेल्या घराला जास्त तरी कोण देणार?" तिनं सांगितलेला आकडा ऐकून मिस्त्री घाईघाईनं उठला. आणखी थोडा वेळ बसला असता तर तोंडावर हसू फुटलं असतं. पैसे भरायची मुदत दोन महिन्यांची होती.

मग सुरू झाल्या बँकेच्या वाऱ्या. काउंटरवरच्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांचा संगणक चांगला नव्हता. "तुम्ही आजवर महिन्याला एवढंच भाडं भरलंय," त्या म्हणाल्या. "कर्जाचा हप्ता याच्या दुप्पट येतो. तो झेपेल कशावरून?"

"अहो, उरलेलं अर्धं मी हातानं फेडलंय," मिस्त्री म्हणाला.

"त्याची पावती?"

मिस्त्रीनं दोन्ही हात पुढे केले. बाईंना हसू आलं, पण त्यांनी मान हलवली. एकवीस वर्षांत एक महिना चुकला नव्हता. तरी ज्यानं कधी भाडं दिलं नाही त्याची आणि याची किंमत एकच. राग येणार नाही तर काय? शेवटी बाईंनीच वाट दाखवली. जुन्या मालकांकडून लिहून आणा, किती भाडं ठरलं होतं आणि किती कामात वळतं केलं. आणि बँकेचा माणूस येऊन घराची किंमत ठरवेल.

महिनाभर मिस्त्री खऱ्या अर्थानं भिंगरी झाला. सकाळी काम, दुपारी जुने मालक. एक वारला होता. एकानं ओळखच दाखवली नाही, आणि तेही मिस्त्रीनं बसवलेल्या दारात उभं राहून. एकानं सही करण्याआधी स्वयंपाकघरातले तीन खण रंधून घेतले. "आलाच आहेस तर," म्हणाला. तरी तीन पत्रं जमली. बाईंनी ती दोनदा वाचली आणि फाइल वर पाठवली.

किंमत ठरवणारा माणूस यायच्या आदल्या दिवशी बायकोनं मिस्त्रीला समोर बसवलं. "हे बघा, विकणारी म्हणून मालकीणबाईंनाही उद्या वर यावं लागणार आहे. त्यांनी अजून काही पाहिलेलं नाही. तुम्ही तोंड उघडायचं नाही. काय विचारलं तर 'जुनंच आहे' म्हणायचं."

"जुनंच आहे," मिस्त्रीनं घोकलं.

बायकोनं भिंतीतल्या कपाटांवर धुतलेल्या चादरी वाळत घातल्या. फरशीवर खोकी पसरली. घर होईल तेवढं गबाळं केलं. मालकीण दोघांच्या आधारानं जिना चढून आली ती दाराजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसली. बँकेचा माणूस तरुण होता, घाईत होता. मोजपट्टी लावली, आकडे टिपले, चादरींकडे बघितलंही नाही. मिस्त्री खिशात हात घालून उभा. पाच मिनिटांत सगळं पार पडलं असतं.

जाता जाता त्या माणसानं खिडकीची झडप ओढली. ती अलगद आली आणि आवाज न करता मिटली. "ही छान आहे," तो म्हणाला. "कारखान्यातली तयार आणून बसवलेली दिसते."

"कारखान्यातली?" मिस्त्री म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. उपयोग झाला नाही. एकवीस वर्षांत कुणी त्याच्या कामाचं बोट ठेवून कौतुक केलं नव्हतं, आणि केलं ते कारखान्याचं.

"इथं एक खिळा दाखवा," त्यानं त्या माणसाचा हात धरून चौकटीवर ठेवला. "सांधा सापडतोय का बघा. अकरा रविवार लागलेत याला." मग चादरी बाजूला झाल्या. कपाटं उघडली. खोकी पायानं सारून फरशी दाखवली. बँकेचा माणूस पुन्हा लिहायला लागला. मालकिणीनं डोळे उघडले होते. ती खोलीभर बघत होती, शांतपणे, एकेक वस्तू.

ते दोघं खाली गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण."

चार दिवसांनी कर्ज मंजूर झालं, जुन्या आकड्याला. त्याच संध्याकाळी मालकिणीनं चहाला बोलावलं. "मी लबाड बाई नाही हो," ती म्हणाली, आणि नव्हतीच. "पण बँकेनंच दीडपट किंमत लिहिलीय. मुलगी म्हणते, आई, वेडी आहेस का? तुमच्यामुळेच तर घराचं सोनं झालं." कप ठेवताना मिस्त्रीनं सवयीनं टेबल हलवून पाहिलं. एक पाय डुगडुगत होता. तो उठून वर आला.

दीडपट त्याला झेपणारं नव्हतं. घर महिन्याभरात एका डॉक्टरनं घेतलं. डॉक्टरच्या बायकोला म्हणे ती खिडकीच फार आवडली.

सातव्या घराचा मालक किल्ली देताना हसत म्हणाला, "तुम्ही सुतार आहात असं कळलं. किरकोळ कामं आहेत इथं. भाड्यात बघू काहीतरी."

मिस्त्रीचा हात चौकटीकडे गेलाच होता. बायको मध्ये आली. "भाडं पूर्ण घ्या," ती म्हणाली, "आणि दर महिन्याला पावती द्या."

त्या घराचं दार फरशीला घासतं. खालून दोन हात रंधा फिरवला तर सुटेल, दहा मिनिटांचं काम. पहिले काही दिवस मिस्त्री त्या दाराशी जाऊन उभा राहायचा. बायको म्हणायची, "घासू दे." आता तो तिथं थांबत नाही. दिवसभर तो गावभरची दारं नीट करतो, आणि संध्याकाळी फरशीवर लाकूड खरडल्याचा आवाज आला, की ती आतूनच ताट वाढायला घेते.