ओटीजवळचा बॉम्ब

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला तरी नीट सांगता येईल का — बघते.

मागे लेक पुण्याहून किहीमला आली होती. दुपारची जेवणं झाल्यावर तिने पडदे ओढले आणि टीव्हीवर एक सिनेमा लावला. लढाईचा. पण त्यात सैनिक जवळजवळ नव्हतेच. होती ती एका गल्लीतली माणसं — पावासाठी रांगेत उभी राहणारी, भिंत पडलेल्या घरात चूल पेटवणारी. बाहेर वाडीत झावळ्या सळसळत होत्या. मला गुंगी आल्यासारखं झालं होतं. कुठला आवाज सिनेमातला आणि कुठला वाडीतला, कळेना. मग विमानं आली. एक बाई कानांवर हात दाबून टेबलाखाली शिरली आणि बारीक आवाजात गुणगुणत राहिली.

मला हुंदका फुटला. लेकीने माझा हात धरला. "आई, किती हळवी आहेस गं तू!"

हळवी — मी?

ते गुणगुणणं मी आधी ऐकलं होतं. आमच्याच घरात.

लेक कॉलेजात होती तेव्हा तिच्या होस्टेलवर यास्मिन नावाची एक परदेशी मुलगी होती. तिच्या देशात लढाई चालू होती, घरी जाता येत नव्हतं. दिवाळीत होस्टेल रिकामं झालं, म्हणून लेक तिला इकडे घेऊन आली. गोड पोर. आल्या आल्या 'काकू' म्हणायला शिकली. माझ्याबरोबर करंज्या कातायला बसायची. दुपारी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जायची आणि ओहोटीने लांब गेलेल्या समुद्राकडे बघत राहायची, झोपेतल्यासारखी. मला ती आवडली होती. हे खरं आहे — पण त्याने काय होतं?

लक्ष्मीपूजन झालं. घरात जाऊबाई, नणंदा, आळीतल्या बायका. लेक फराळाचं ताट घेऊन कुणाकडे तरी गेलेली. तेवढ्यात पलीकडे कुठेतरी सुतळी बॉम्ब वाजला, आणि यास्मिन दिसेनाशी झाली. शोधत आतल्या खोलीत गेले, तर ती पलंगाखाली. कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले, आणि ते गुणगुणणं — तान्ह्या बाळाला निजवताना करतात तसं.

मला हसू आलं. बाहेर येऊन मी बायकांना तिची नक्कल करून दाखवली. जन्मभर शाळेत शिकवलंय मी, नकला मला जमतात. माणसं हसली की मला बरं वाटतं. सगळ्या हसल्या.

एवढंच असतं तर सांगत बसले नसते. मी अजून टाळतेय, कळतंय मला.

मग मी तिला हाताला धरून ओटीवर आणलं. "फटाके गं, नुसते फटाके." ती लाजली. सगळ्यांकडे बघून हसलीसुद्धा. जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या, "तू वाढवूनच सांगतेस गो. एवढं कोण घाबरतं?"

आणि मी — मी मागच्या दाराने वळसा घालून अंगणात गेले. धाकट्या दिरांना म्हटलं, "भाऊजी, एक मोठा लावा. इथे, ओटीला लागून."

"वहिनी, ती पोर बसलीय तिथे."

"म्हणून तर."

त्यांनी लावला.

त्या आवाजासरशी यास्मिन ओटीवरच कोसळली. उठली नाही. रांगत बायकांच्या पायांत शिरली, कुणाचं तरी लुगडं डोक्यावर ओढून घेऊ लागली. तिची सलवार भिजली होती. ती काहीतरी ओरडत होती, तिच्या भाषेत — एकच शब्द, पुन्हा पुन्हा. कुणाचं तरी नाव असावं. कुणीही हसलं नाही.

लेक धावत आली. "कुणी लावला हा?"

मी शेजारच्या वाडीकडे बोट दाखवलं. भाऊजी जमिनीकडे बघत राहिले. लेक कुंपणाशी जाऊन त्या लोकांना नाही नाही ते बोलली. अजूनही ती त्यांच्याशी बोलत नाही, आणि आपलं काय चुकलं ते त्यांना आजवर कळलेलं नाही. मी मात्र त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाते.

सकाळी यास्मिन मांडव्याच्या बोटीने निघाली. मुंबईला कुणी ओळखीचे होते, तिकडे जाते म्हणाली. त्याआधी स्वयंपाकघरात आली. आंघोळ केलेली, केस ओले, चेहरा रात्रभर जागल्याचा. चादर धुऊन वाळत घातलीय, असं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "काकू, सॉरी. मी तुमचा सण खराब केला."

मी चहा गाळत होते.

"असू दे," मी म्हटलं. "होतं असं कधीकधी."

आणि तिच्या पाठीवर हात फिरवून मी तिला माफ केलं.