भुऱ्याचे पाय

मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागोमाग श्रीपादरावांची नोकरीही तिकडेच हलली. तिथे क्वार्टर मिळेपर्यंत त्यांची बायको इंदुमती मल्हारगंजातल्या घरीच राहिली. मूलबाळ नव्हतं. घरात उरले दोघंच, ती आणि तिचा कुत्रा भुऱ्या. एवढंसं पिल्लू होतं तेव्हा तिनेच त्याला गटारातून उचललं होतं, कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं होतं.

तोच भुऱ्या आता उजाडलं की समोरच्या द्वारकाबाईंच्या ओट्यावर जाऊन पसरायचा.

द्वारकाबाईंना काय कमी होतं? नवरा घरात, पोरं, सासू, दिवसभर माणसांचा राबता. एवढं असून माझा कुत्राही हवाच का हिला? इंदुमती दाराच्या फटीतून बघत राही. समोर शेवेचा चुरा पडे, पोरं कान ओढत, आणि हा मेला शेपटी हलवत बसलेला.

परतला की ती त्याला उंबऱ्यातच अडवी. "त्यांची घाण माझ्या फरशीवर नको." कपड्यांच्या साबणाने चारही पाय खसाखसा घासून वर तांब्याभर पाणी ओती. जितक्या वेळा तो तिकडे जाऊन येई, तितक्या वेळा.

पुढे भुऱ्या पाय चाटू लागला. आधी अधूनमधून, मग सारखाच. बोटं चावून चावून लाल झाली, पांढरे केस तांबूस पडले. माझ्या घरी याला करमत नाही, तिच्यासाठी झुरतोय, असं इंदुमतीच्या मनाने घेतलं.

एकदा द्वारकाबाईंनीच ओट्यावरून विचारलं, "वहिनी, भुऱ्या पाय का हो चावतो? बहोत बेचैन असतो बिचारा."

"तुमच्याकडचं तिखट खातो ना, आणखी काय होणार!"

"तिखट तोंडाला झोंबतं हो, पायाला कसं झोंबेल?" द्वारकाबाई हसल्या. मागून सासूही हसली.

ते हसू इंदुमतीला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी टांगा करून ती भुऱ्याला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांच्या तोंडून एकदा शेवेचं नाव निघालं की पुरे होतं.

डॉक्टरांनी बोटं फाकवून पाहिली, वास घेतला. "पाय धुता का याचे?"

"दर वेळी. बाहेरून आला की."

"आणि पुसता?"

इंदुमतीने भुऱ्याच्या पायांकडे पाहिलं.

"काटा रुतला तरी चाटतात, पिसवा झाल्या तरी चाटतात. पण इथे साबण अडकून राहिलाय, वर ओल. खाजतं म्हणून चाटतो, चाटून आणखी ओलं होतं. धुणं बंद करा. मलम देतो, पाय कोरडे ठेवा."

"शेजारी शेव खातो तो," तिने तरीही म्हणून पाहिलं.

"तीही बंद करा. पण पाय साबणानेच बिघडलेत."

संध्याकाळी भुऱ्या समोरून आला आणि सवयीने उंबऱ्यात थांबला. मान खाली, पुढचा पंजा उचललेला. आता पाणी पडणार हे त्याला ठाऊक होतं. इंदुमतीचा हात तांब्याकडे गेला. समोरच्या ओट्यावर द्वारकाबाई धान्य निवडत बसल्या होत्या.

तिने तांब्या बाजूला सारला. जुन्या लुगड्याच्या फडक्याने एकेक पंजा टिपला, बोटांमध्ये मलम लावलं.

"ये आत," ती म्हणाली.

भुऱ्याला खरं वाटेना. मग तो आला, थेट तिच्या पाटाशी. फरशीवर त्याच्या पावलांचे पुसट ठसे उमटले. माती द्वारकाबाईंच्याच ओट्यावरची होती. इंदुमतीने ते ठसे बराच वेळ पाहिले. पुसायला मात्र ती उठली नाही.

समोरून दिसू नये म्हणून दार तेवढं तिने लोटून घेतलं.